चौथी चकती

"बार किती झाले?"

बंदूक वाजली की सगळे रानडुकराकडे पळायचे. शिंपीमामा तेवढे हा प्रश्न विचारून, मान खाली घालून ढेकळांत चकत्या हुडकायला लागायचे. डुक्कर पडलं की निसटलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. जितके बार तितक्या चकत्या हातात आल्या पाहिजेत, एवढाच त्यांचा हट्ट.

तुम्ही ठासणीची बंदूक पाहिली नसेल तर सांगतो. नळीत आधी दारू, मग तेलकट कापडाची गोल चकती, तिच्यावर शिशाची गोळी, आणि लोखंडी गजानं सगळं ठासायचं. बार झाला की गोळी जाते जनावराकडे आणि चकती पडते पंधरा-वीस पावलांवर. तेल कमी पडलं असेल तर धुमसत पडते.

निजामाच्या अमदानीत घनसावंगीकडच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. तिथल्या पाटलांकडे परवान्याची तसली बंदूक होती आणि तिच्या चकत्या करायचं काम शिंपीमामांकडे. जुनं धोतर ते तीनदा धुवायचे, खळ पुरती जाईपर्यंत. मग कापड गालाला लावून बघायचे. वर ढब्बू पैसा ठेवून कात्रीनं गोल कापायचे. मेण आणि तिळाचं तेल पितळी वाटीत गरम करून एकेक चकती बुडवायचे नि दोन बोटांत पिळायचे. "जास्ती झालं तर दारू भिजती, कमी झालं तर कापड जळतं. बराबर पायजे."

एवढ्या निगुतीनं त्यांनी माझा सदरा कधी शिवला नाही. एक बाही कायम आखूड. मी कुरकुरलो की म्हणायचे, "मास्तर, बाहीनं गाव पेटत न्हाई."

त्यामागचं कारण पाटलांनी मला एकदा सांगितलं. मामा पूर्वी बदनापूरकडे राहत. तिथं त्यांच्या चकतीनं एका शेतकऱ्याची कडब्याची गंज पेटली आणि शेजारच्या गोठ्यातले बैलही गेले. मामांनी ते गाव सोडलं. हे ऐकल्यावर तरी मी शहाणं व्हायला हवं होतं.

चैत्राचे दिवस होते. ज्वारी निघालेली, साऱ्या गावाचा दाणा नि कडबा उसाच्या फडापलीकडच्या खळ्यावर रचलेला. उसात डुकरं शिरली म्हणून सकाळीच पाटील निघाले, मीही हौसेनं गेलो. बार चार झाले. मामांना तीन चकत्या सापडल्या. चौथी माझ्या पायाशी पडली होती, कडेनं काळी, पण गार. मी ती कुणाच्या नकळत उचलून खिशात घातली. गंमत म्हणून, दुसरं काही नाही.

"तीनच हायेत," मामा म्हणाले.

"विझली असंल, चला," पाटील म्हणाले.

"या खेपंला तेल कमी पडल्तं, पाटील. मला म्हाईत हाय. मी हुडकून राह्यलो, तुमी जा." त्यांनी बायकोला निरोप धाडला, दोन घागरी पाणी घेऊन खळ्यावर बस. सगळे पांगले. माझीही शाळेची वेळ झाली होती. अर्ध्या तासात कंटाळून घरी जातील, संध्याकाळी चकती दाखवून हसू, असा माझा हिशेब.

शाळेच्या दारातून ते शेत दिसायचं. दुपारी बाराला बघितलं, मामा वाकून शोधतच होते. दोनला वारं सुटलं, तरी ते तिथंच. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. ऊन फार आहे, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे इतक्या उशिरा कबूल करायची लाज वाटत होती.

चारच्या सुमाराला ते पडले. वाटेवरच्या गाडीवानानं गाडीत घालून त्यांना परस्पर घरी आणलं. मी धावत गेलो. अंग तव्यासारखं तापलेलं, शेजारपाजारचे ते ओल्या फडक्यानं पुसत होते. मला ओळखून ते म्हणाले, "मास्तर, वारं सुटलंय का?"

मी खाली वाकून सगळं सांगितलं आणि चकती त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली.

"उचलली तवा इझली व्हती?"

"हो मामा. गार होती."

"मंग बराबर." त्यांनी डोळे मिटले. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "घरवालीला आणा. सकाळधरनं बसलीय. जल्दी जा."

खळ्यावर मामी घागरींपाशी बसल्या होत्या. घरचं त्यांना काही कळलेलं नव्हतं. मी म्हणालो, "चला मामी, चकती सापडली. माझ्याजवळच होती."

"कवापासून?"

"सकाळपासून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंग तुमच्या सांगण्यावर आता कशी उठू, मास्तर?"

मामांचं काही खरं नाही, हे मात्र माझ्या तोंडून निघेना. "मामा बोलावतात, जल्दी चला," एवढंच म्हणत राहिलो. त्या उठल्या, पण गंजींच्या भोवती फिरू लागल्या. जागोजागी वाकून धुराचा वास घेत, कडब्यात हात घालून बघत. दोन्ही घागरी त्यांनी गंजींच्या बुडाशी ओतल्या. मग निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा दारातली माणसं बाजूला झाली. मामांचं तोंड धोतरानं झाकलेलं होतं. मामी उशाशी जाऊन बसल्या. मीही मघाच्या जागी टेकलो. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी भाईर बसा."

मी उठून बाहेर जाऊन बसलो.