वस्तादांनी फोनवर ऐकलेला दम

परवा भाचीबरोबर राजारामपुरीत खरेदीला गेलो होतो. पोरगी पुढच्या महिन्यात शिकायला जर्मनीला निघालीय. यादीत व्हिटॅमिनच्या गोळ्या, योगा मॅट आणि झोप, पावलं, श्वास असं सगळं मोजणारं घड्याळ... तिकडे आजारी पडायला तिला सवडच मिळणार नाही.

घरी आल्यावर मी 'आमच्या वेळी' सुरू केलं. पंचेचाळिशी ओलांडली की माणसाला एवढाच व्यायाम उरतो.

२००२ साली मी इंग्लंडला एम.एस्सी.ला गेलो. निघताना आबांची, म्हणजे वडिलांची, एकच अट... तब्येत ढासळली तर डिग्री गेली खड्ड्यात, पहिल्या विमानानं परत यायचं. आबा तालमीत वाढलेले. त्यांच्या लेखी मार्क पुन्हा मिळतात, अंग मिळत नाही.

तिकडे सकाळी पाव, दुपारी पाव आणि रात्री चैन म्हणून नूडल्स. डिसेंबरात चार वाजता अंधार पडायचा, मीही पडायचो. जानेवारीपर्यंत अकरा किलो उतरलो... तेवढ्यात आबांचं पत्र. "फोटो धाड."

मग मी डोकं चालवलं. तीन स्वेटर आणि वर मित्राचं जाकीट घालून असा फुगलेला फोटो पाठवला, की आईनं म्हणे दृष्ट काढली!

आबांनी मात्र तो तालमीत नेऊन वस्तादांना दाखवला. आबांना आणि निम्म्या गल्लीला मातीत घडवलेले हे वस्ताद. त्यांनी फोटोत फक्त मान बघितली. पैलवानाची तब्येत मानेवर दिसते, आणि मी शहाणा नेमकी तीच झाकायची विसरलो होतो. "कापडं जाड हाईत. पोरगं न्हाय." लागला निकाल.

पुढच्या रविवारी हॉस्टेलच्या पॅसेजमधून घरी फोन केला. आबा एवढंच म्हणाले, "तिकीट काढ आन् ये." परीक्षा चार महिन्यांवर होती.

तेवढ्यात पलीकडे रिसीव्हरची ओढाओढ झाली आणि वस्ताद गरजले.

"काय पावणं! म्हैनाभर माझ्या ताब्यात ऱ्हायचं. रोज पन्नास बैठका, लिटरभर दूध आन् सोताच्या हातानं शिजवून खायाचं. दर ऐतवारी फोनवर बैठका मारायच्या, मी दम ऐकनार. दम लागला की विमानात बसायचं!" आणि फोन ठेवूनही दिला.

त्यानंतर दर रविवारी रिसीव्हर खांद्यात धरून मी पॅसेजमध्ये बैठका मारल्या. कॉलिंग कार्डाची मिनिटं धापा टाकण्यात गेली. शेजारच्या ग्रीक मुलानं विचारलं, तुमच्यात देवाशी फोनवर बोलतात का? म्हटलं, साधारण तसंच.

चौथ्या रविवारी पन्नास झाल्या. छातीचा भाता झाला होता... लपवणं शक्यच नव्हतं. आता बॅग भरायची, एवढंच डोक्यात. पण पलीकडे वस्ताद आबांना म्हणाले, "दम पक्का झालाय. ऱ्हाऊ दे पोराला."

मी राहिलो. वरणभात शिकलो, वजन आलं, डिग्रीही आली.

भाचीला हे रंगवून सांगत होतो. "वस्तादांचा कान बघ, सातासमुद्रापलीकडचा दम ओळखला!"

कोपऱ्यात पेपर वाचणारे आबा हसायला लागले. "कसला कान? दोन्ही कान कुस्तीत गेलते त्यांचं. फोनवर काय बी ऐकू येत न्हवतं."

मी विचारलं, "आबा, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"व्हय की. म्हनून तर त्यास्नी दर ऐतवारी तुझ्या फोनच्या टायमाला घरी बोलवून घेतलं." आबांनी पेपरची घडी घातली. "तिकीट काढ म्हनून बसलोतो. माझा शब्द मला मोडता येईना... वस्तादांनी मोडला तर चालतंय."

आणि पेपर पुन्हा उघडला. विषय संपला.

वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे आभार मानायचे राहिले, याची मला खंत होती... आणि ज्यांचे मानायला हवे होते त्यातले दुसरे इतकी वर्षं घरातच होते. तोंडावर मानायला गेलो तर शिवी खाईन. म्हणून इथे लिहितोय... आबा फेसबुकवर नाहीत.