लंगरात पोळ्या लाटणाऱ्या बाई

बाबांचे टाके उघडले होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन होतं. नांदेडच्या दवाखान्यात बसवेना, म्हणून मी दुपारी गुरुद्वाऱ्यात गेलो आणि लंगरात पोळ्या लाटायला बसलो. शेजारी एक म्हाताऱ्या शीख बाई होत्या. प्रत्येक उंडा त्या लाटण्याआधी अंगठ्याने दाबून बघत. माझी पोळी फाटली की सांधून देत.

बाबांचं सांगितल्यावर त्यांचं लाटणं थांबलं.

"आमच्या दहाव्या गुरूंवर वार झाला, ती जखमबी इथं नांदेडातच शिवली होती, बेटा."

"भरली ना?" मी घाईने विचारलं.

"भरत आली होती. त्यांनी धनुष्य ओढलं, अन् पुन्हा उघडली."

माझी पोळी अर्धीच लाटायची राहिली. त्यांना ते दिसलं, तरी त्यांनी गोष्ट बदलली नाही.

"लोकं लई घाबरली. आता आमचं कोण, म्हणाली. गुरूंनी सांगितलं, आता ग्रंथच तुमचा गुरू. मग गेले. तू वडलांशी बोलला का?"

नव्हतो बोललो. आठ दिवस त्यांना 'काही होत नाही' एवढंच म्हणत होतो.

पिठाच्या हातांनीच दवाखान्यात परत गेलो. "बाबा, मला भीती वाटून राहिली."

"मलाबी," बाबा म्हणाले. मग आईला एकटी ठेवू नको, इथपासून सगळं सांगत गेले.

बाबा त्या ऑपरेशनमधून उठले. त्या बाई मात्र सगळं ठीक होईल, असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या.