काकांचे डोळे

“जिवंत माणसाचा कुणी पुतळा करतं का?” स्वयंपाकघरात काकू कुकरला विचारत होती. कुकर गप्प होता. बाहेर गॅलरीत कोपरापर्यंत माती माखलेली मीही गप्प होते. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

समोरच्या खुर्चीत काका बसले होते. म्हणजे झोपले होते. शिल्पकलेच्या क्लासमध्ये तीन महिने मातीचे आंबे करून घेतल्यावर सर म्हणाले होते, “आता जिवंत माणूस समोर बसवून डोकं कर. चार रविवार देतो. त्यानंतरच्या सोमवारी पूर्ण दिसलं नाही, तर परत आंबे.” करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये उजेड बेताचाच, म्हणून जुन्या पनवेलला काकांची गॅलरी आणि गॅलरीसकट काका मिळाले. पहिल्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागले. ‘काका, जागे राहा,’ एवढंच म्हणायचं होतं. मी ते मनात आधी इंग्रजीत म्हटलं, मग मराठीत आणलं, मग उद्धट वाटत नाही ना ते तपासलं. तोवर त्यांची मान छातीवर आली होती. (हनुवटी मी जमिनीवर बसून, खालून बघून केली.)

दुसऱ्या रविवारी काकूने मला बाजूला घेतलं.

“नाक कर, कान कर, काय ते कर. डोळे करायचे नाहीत.”

“का?”

“गणपतीचे डोळे आखले की मूर्तीत जीव येतो. ह्यात कुठून येणार? गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत जाळी बसवलीय. तेवढ्याशा जिवात दोघांचं भागणारे का?”

ती हसत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी “बरं” म्हणाले.

संध्याकाळी मी पाठवलेला फोटो बघून सरांचा फोन आला. “डोळ्यांशिवाय आणलंस तर बघणारही नाही हं.” त्यांनाही मी “हो सर” म्हणाले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटच्या रविवारी मात्र समोर घोरणाऱ्या काकांकडे बघता बघता उत्तर सापडलं. डोळे करायचे, पण मिटलेले! सरांना डोळे मिळतील, काकूला उघडे दिसणार नाहीत, आणि मला कुणाशीही बोलावं लागणार नाही. स्वतःचं एवढं कौतुक मला याआधी कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी कानही राहिला होता. काकांनी आपणहून ऐकण्याचं मशीन काढून खिशात टाकलं, मान उशीला टेकवली आणि पुन्हा झोपले. या खेपेला घोरलेही नाहीत. मी पापण्या पुऱ्या केल्या. माती तडकू नये म्हणून गळ्यापर्यंत ओलं पांढरं कापड गुंडाळलं आणि दोन पावलं मागे सरकले.

मिटलेले डोळे. शांत चेहरा. गळ्यापर्यंत पांढरं कापड. आणि त्याच्यामागे, खुर्चीत, तोच चेहरा. तेवढ्यात काकू चहा घेऊन आली.

तिने मातीच्या काकांकडे बघितलं. मग खऱ्या काकांकडे.

“अहो,” ती म्हणाली. मग जोरात, “अहो!”

काकांचे कान खिशात होते. कप फुटला. दार उघडंच असल्यामुळे शेजारच्या नफिसाचाची धावत आल्या. “काय झालं भाभी? सकाळीच तर सलाम केला यांनी मला.” दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

‘ते झोपलेत.’ दोन शब्द. मी तोंड उघडलं.

“ॲक्च्युअली,” मी म्हणाले, आणि पुढचं काही येईना.

काकू मटकन खाली बसली. (‘ॲक्च्युअली’ या शब्दाने माणूस इतका खचतो हे मला माहीत नव्हतं.) मग मला सुचलं ते मी केलं. मातीने भरलेला अख्खा पंजा काकांच्या गालावर ठेवला.

गारेगार माती लागल्यावर काका असे दचकले की खुर्ची सरकली. “झालं का गं?” त्यांनी विचारलं.

काकूने त्यांचा हात धरला, तो सोडेचना. मग माझ्याकडे वळली. “उघड.”

“काय?”

“त्याचे डोळे उघड. आत्ताच्या आत्ता. हे असलं मिटलेलं माझ्या घरात नको.”

“पण तूच म्हणालीस...”

“माझं राहू दे. उघड म्हणते ना.”

मी काकांकडे बघितलं. ते डोळे ताणून आमच्याकडे बघत होते. चार रविवारांत पहिल्यांदाच मला ते डोळे नीट दिसले. डावा जरा लहान, उजव्या पापणीला दुमड, आणि बाजूने नेमकं हवं तसं ऊन. काकू त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडत होती, चाची पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. कुठल्याही शहाण्या मुलीने आधी माफी मागितली असती. मी कोरणी उचलली, आणि जन्मात फुटला नव्हता एवढा मोठा आवाज मला फुटला.

“काका, हलू नका. आणि काकू, तू जरा बाजूला हो, सावली पडतेय.”