मतीनच्या खडूची खूण

अमडापूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात चौतीस वर्षं वाचनालयाचं कुलूप इंद्रभानभाऊंनीच उघडलं. परवाच्या तीस तारखेला त्यांनी किल्ल्या नव्यानं नेमलेल्या रेणुकाच्या हाती दिल्या. पुस्तकं मोजून दिली, कोणत्या कपाटाचं दार कुठे अडतं तेही सांगितलं. फक्त एक जाडजूड वही आणि घडी घातलेलं एक जुनं वर्तमानपत्र तेवढं पिशवीत टाकून घरी आणलं.

ती वही होती कात्रणांची, पण पाककृती नि सुविचारांची नव्हे. कायद्याच्या आणि राजकारणाच्या नाना तऱ्हा तिच्यात चिकटवलेल्या. सरपंचावर अविश्वासाचा ठराव आणला आणि तो मांडायच्या दिवशी सगळेच सदस्य सहलीला गेले, ही बातमी पहिल्या पानावर. मतदार यादीत मयत झालेला एक म्हातारा स्वतःच्या मृत्यूचा दाखला मागायला तहसीलीत गेला, ती दुसऱ्या पानावर. असल्या बातम्या हुडकून काढायचा मतीन टेलर. सकाळी आठच्या गाडीनं पेपर आले, की तो पहिल्या बाकावर हजर. गमतीची बातमी दिसली, की खिशातल्या शिवणकामाच्या खडूनं तिच्याभोवती चौकट ओढायची. पेपर शिळा झाला, की इंद्रभानभाऊंनी त्या चौकटीवर कात्री चालवायची. खूण मतीनची, काप इंद्रभानचा. वीस वर्षं यात खंड नव्हता. किती हसले असतील दोघं त्या बाकावर!

मग अकरा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या एका जागेची पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी मतीनला उभं केलं. समोर शेजारचाच प्रसेनजित. मतीनला चिन्ह मिळालं कपाट. त्या वर्षी शाळेचे पत्रे उडाल्यामुळे मतदान केंद्र आलं वाचनालयात, आणि तिथे भिंतीला सात कपाटं! निवडणुकीचे साहेब म्हणाले, उमेदवाराचं चिन्ह केंद्रात उघडं दिसता कामा नये. कायदा तो कायदा. इंद्रभानभाऊंनी घरोघर फिरून चादरी गोळा केल्या आणि सातही कपाटं झाकली. मतीनच्या घरची चादर घ्यावी की घेऊ नये, यावरही साहेबांनी पाच मिनिटं विचार केला.

मतदानाच्या दिवशी भाऊ मतदाराची चिठ्ठी खिशात घालून दारापर्यंत गेले आणि थबकले. पेपरावरून भांडणाऱ्यांना ते जन्मभर सांगत आले होते, वाचनालयात कोणाची बाजू घ्यायची नाही. आता त्याच छपराखाली आपण बटण दाबायचं? नाही पटलं मनाला. शहाणपणाचा कांदा नाकाने सोलणारा हा माणूस तसाच माघारी फिरला.

निकाल लागला तेव्हा दोघांना सारखी मतं, एकशे सत्त्याऐंशी. कायद्याप्रमाणे बरणीत दोन चिठ्ठ्या टाकल्या, अंगणवाडीतल्या पोरीनं एक उचलली. तीत नाव प्रसेनजितचं निघालं.

दुसऱ्या दिवसापासून मतीन वाचनालयात आलाच नाही. कळलं असणार त्याला, भाऊंनी ओळखलं. एका मतानं घात केला आणि ते मत आपलं होतं. रस्त्यात गाठ पडली तर मतीन मान खाली घालून जायचा, आणि भाऊंना तरी मान वर करायचं तोंड कुठे होतं? चिठ्ठीची ती बातमी छापून आली, तो पेपर त्यांनी कापला नाही. खडूची खूणच नव्हती त्यावर. वहीत एक पान कोरं सोडलं आणि पुढची पानंही कोरीच राहिली. वाईट फार वाटायचं, पण सांगणार कोणाला?

आता किल्ल्याही गेल्या. मतीनच्या तोंडावर खरं सांगितल्याशिवाय हे ओझं उतरायचं नाही, एवढं त्यांना कळलं. ते पिशवी घेऊन त्याच्या दुकानात शिरले. मतीन मशीनवर वाकला होता. दाढी पांढरी झालेली. त्यानं पायाखालची पट्टी थांबवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"मतीन, त्या दिवशी म्या मतच नाई देल्लं," भाऊ उभ्या उभ्याच म्हणाले. "दारातून वापस आलो. माह्या एका मतानं तू पडला."

मतीननं डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"तुह्यानं नाई पडलो बे," तो म्हणाला. "म्या माह्यं मत प्रसेनजितले देल्लं."

"काऊन?"

"लाज वाटली मले. माणूस आपल्या ताटात आपणच वाढते काय? म्हटलं, शेजारी हाय, त्याले देऊन टाकू. माह्यं मले देल्लं असतं तं दोन मतांनी निवडून आलो असतो. ज्या लोकायनं उभं केलं, त्यायले काय सांगू? अन् तुह्या समोर बसलो असतो तं एका दिवसात ओकलो असतो सारं."

"म्हणून आला नाईस?"

"हाव. म्हणून."

भाऊ स्टुलावर बसले. अकरा वर्षं, गल्लीच्या दोन टोकांना दोघं एकमेकांना चुकवत होते. राग कोणालाच नव्हता. त्यांना हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. पिशवीतून त्यांनी तो पिवळा पडलेला पेपर काढला आणि मशीनच्या फळीवर पसरला.

मतीननं बातमी शेवटपर्यंत वाचली. मग डबीतला खडू घेऊन सावकाश चौकट ओढली आणि आपली मोठी कात्री भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी चौकटीच्या कडेला कात्री लावली.

"सरळ काप बे," मतीन म्हणाला, "आपलीच बातमी हाय."