चाळिसावा डबा

लिंबाजीमामा गेल्या पौषात, एका सोमवारी सकाळी, बजाजनगरच्या घरी वारले. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. नेमकं त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापर्यंत एक्केचाळीस डब्यांपैकी अडतीस डब्यांचं काम झालं होतं. उरलेले तीन वाळत होते.

डबे काचेच्या जुन्या निगेटिव्हचे होते, गुलमंडीतल्या एका फोटो स्टुडिओतले. स्टुडिओ बंद पडल्यावर वाटेकऱ्यांच्या भांडणात डबे ठेवलेल्या माळ्याला कुलूप लागलं. ते उघडायला एक पिढी गेली. मग डबे शहरातल्या एका वाचनालयाकडे आले. तिथल्या मागच्या खोलीत काच उजेडाच्या टेबलावर ठेवायची, वरच्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं करायचं आणि वहीत नोंद करायची, असं काम सुरू झालं. कॅमेरा शबाना नावाची मुलगी चालवायची. मी बातमी करायला गेलो होतो आणि नोंदी लिहायला राहिलो.

मामा पहिल्याच आठवड्यात आले, कोणी बोलावलं नसताना. डब्यातली एक काच त्यांनी दोन तळव्यांमध्ये कडेनं धरली आणि तिचा कोपरा खालच्या ओठाला टेकवला.

"ही बाजू खाली ठेवू नका. चित्र हिच्यावर हाय."

ओलसर ओठाला चित्राच्या थराची बाजू किंचित चिकटते, कोरी बाजू चिकटत नाही. मामा प्रत्येक काच अशीच तपासत.

"मामा, मुँह को कायकू लगाते? जहर रहता उसमें," शबाना म्हणाली.

"सोळाव्या वर्षापासून लावतोय. जहर बी कंटाळलं आसंल."

निगेटिव्हमध्ये चेहरा काळा आणि केस पांढरे दिसतात. मामांना ते सरळ वाचता यायचं. कॉम्प्युटरनं चित्र पालटायच्या आत ते माणूस ओळखत. "हा कापडवाल्याचा मधला. कोट स्टुडिओच्या मालकाचा हाय, पाठीमागून टाचण्या लावल्यात. पुढूनच रुबाब." ओळखू आलं नाही तर म्हणत, "अनोळखी." एकदा ते थोडे अडखळले, तेव्हा मी नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. त्यांनी वही माझ्याकडून ओढून घेतली.

"खोडा ते. चिन्ह आज दिसतंय, उद्या कुणी उतरून घेताना गळंल. मंग त्या माणसाला दुसऱ्याचं नाव जल्माचं चिकटतं. अंदाज लिहायचा नाय, साहेब."

मामांना काय हवं होतं, ते चार महिन्यांनी कळलं. त्यांचं घराणं दौलताबादजवळच्या वस्तीवरचं, मेंढरं राखणारं. वडिलांनी एकदा स्टुडिओच्या मालकाला घोंगडी दिली आणि मालकानं त्याबदल्यात बायकोमुलाचा फोटो काढला. आई उभी, मामा कडेवर. "मी हललो. माझं तोंड पुसल्यावानी आलं. मायचं मात्र झकास आलं व्हतं." मामा पाच वर्षांचे असताना आई गेली. फोटो घरात भिंतीवर होता.

सोळाव्या वर्षी मामा त्याच स्टुडिओत कामाला लागले. वडिलांची घोंगडी तिथं अंधाऱ्या खोलीच्या दाराला पडदा म्हणून टांगलेली होती. पहिलं काम मिळालं ते जुन्या काचा धुण्याचं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा, काचा बुडवायच्या, थर सुटला की पुसून फ्रेमवाल्याकडं पाठवायच्या. दोन वर्षं त्यांनी हेच काम केलं.

"दुधावरची साय निघती ना, तशी तोंडं निघायची. मालक म्हणायचे, बघत बसू नको, हात थांबतो. म्या नाय बघितलं."

त्यानंतर काही वर्षांनी घरातला फोटो वाळवीनं खाल्ला. आईची काच धुतली गेली की माळ्यावर राहिली, हे मामांना माहीत नव्हतं. त्यासाठीच ते आठवड्यातून तीनदा बजाजनगरहून बसनं येत. डबे मात्र त्यांनी ओळीनंच उघडायला लावले. शेजारच्या काचांवरून ओळख लागते, रांग मोडली की तीही जाते, असं ते म्हणत.

अडतीस डब्यांत आई सापडली नाही. शेवटचे तीन डबे गळक्या पत्र्याखाली राहिले होते. काचा ओलीनं एकमेकींना चिकटल्या होत्या. मामांनी त्या डब्यांची झाकणं काढली, ते सावलीत मांडले, पंखा बंद करायला लावला आणि दोन महिने हात लावायचा नाही, असं सांगितलं. तोवर त्यांना जिना चढताना धाप लागत होती. मी म्हणालो, "मामा, निदान वरवरच्या काचा आत्ताच सोडवून बघू."

"घाई केली की एकीचं तोंड दुसरीच्या पाठीला जातं."

"यात तुमची आई असली तर?"

"आसंल तर जास्तच दम धरायचा." मग ते म्हणाले, "लई तोंडं धुतली म्या. आता एक बी जाऊ द्यायचं नाय."

शबानानं घरून त्यांच्यासाठी कशिदा काढलेली उशी आणली होती. ती खुर्चीवर ठेवून ते बसत आणि डब्यांकडे बघत. मामा शेवटच्या वेळी आले तेव्हा त्यांनी वरच्या काचेची कड नखानं चाचपली आणि म्हणाले, "अजून ओल हाय." त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले.

डबे आम्ही त्यांनी सांगितलेल्या मुदतीनंतरच उघडले. सगळ्या काचा सुट्या झाल्या. एकाही चित्राचा थर निघाला नाही. एकोणचाळिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या डब्यात कडेवर मूल घेतलेली बाई नव्हती. चाळिसाव्यात दोन होत्या. दोघी उभ्या, दोघींचे चेहरे स्वच्छ. दोन्ही मुलं हललेली, तोंडं पुसल्यासारखी. मूल उजव्या कडेवर होतं की डाव्या, हे मी मामांना कधी विचारलं नव्हतं.

मामांचा मुलगा कैलास वाळूजच्या एका कारखान्यात आहे. पाळी संपवून तो आला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभा राहिला.

"आजीचा फोटो म्या कधी पाह्यलाच नाय," तो म्हणाला. "दादाला इचारायचं राहिलं." वडिलांना तो दादा म्हणायचा.

"इनकी नाक देखो, मामासरीखी है," शबाना पडद्यावरच्या एका बाईकडे बोट दाखवून म्हणाली. कैलासनं दुसऱ्या बाईकडे बोट दाखवलं. "कपाळ हिचं जुळतंय."

त्यानं दोन्हींच्या प्रती नेल्या. काचा स्वतंत्र कागदात गुंडाळून चाळिसाव्या डब्यात, होत्या त्याच क्रमानं परत ठेवल्या आहेत. दोन्ही नोंदींत नावाच्या रकान्यात 'अनोळखी' असं लिहिलं आहे.