राक्षसाचे डोळे

तिसगावच्या देवळात, भिंतीवरच्या चित्रात देवीच्या पायाखाली एक राक्षस होता. दर्शनाला येणाऱ्या आम्ही बायका त्याचे डोळे नखांनी खरवडायचो. नवरात्राआधी एक पेंटर येऊन ते पुन्हा रंगवून जाई.

बहात्तर साली मी त्याला पहिल्यांदाच रंगवताना पाहिलं. देवीची साडी त्यानं भराभर उरकली. राक्षसापाशी मात्र मांडी घालून बसला, खिशातून आरसा काढला आणि त्यात बघून एकेक पापणी काढू लागला. मधोमध तुटलेली भुवईसुद्धा त्याचीच होती. माझा हात आपोआप पदराआड गेला.

"अहो, हे तर तुम्हीच! असं का करता?"

"माजी शिक्षा माज्या हातानं न्हाई व्हत, ताई," तो ब्रश पुसत म्हणाला. "तुमी लई नीट खरवडता."

आणि बाजूला सरकून त्यानं मला जागा करून दिली.