भिंतीवरचं प्रतिज्ञापत्र

कल्याणला निवडणूक कार्यालयासमोरच्या टपरीत एक बाई टाइपिंग करायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी भाडेकरार करायला गेलेलो, तर माझ्या आधी आमच्याच प्रभागातला एक उमेदवार चार कार्यकर्ते घेऊन बसलेला. त्याचं प्रतिज्ञापत्र टाइप होत होतं.

"ताई, गुन्ह्यांचा रकाना रिकामाच ठेवा ना."

"रिकामा ठेवला तर अर्ज बाद होईल. नसतील तर 'नाही' लिहिते, असतील तर सांगा."

तो खाकरला. "दोन आहेत."

बाईंनी दोन्ही टाइप केले. मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून सगळा मजकूर खणखणीत आवाजात वाचला. वाचून दाखवल्याशिवाय सही करू द्यायची नाही, ही त्यांची शिस्त. 'मारहाण' हा शब्द आला तसे कार्यकर्ते मोबाइलमध्ये बघायला लागले.

"ताई, जरा हळू."

"हळू कशाला? उद्या समोरच्या भिंतीवर लागणारच आहे."

तो गेल्यावर मी म्हटलं, "बरी जिरवलीत त्याची."

त्या हसल्या नाहीत. "इतकी वर्षं टाइप करतेय. त्या भिंतीशी वाचायला थांबलेला मतदार मला अजून दिसलेला नाही."

स्टेशनला जाताना मी रोज त्याच भिंतीजवळून जातो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबलो आणि वाचायला लागलो. तिसऱ्या पानावर आलो तेवढ्यात कार्यालयाचा शिपाई जवळ आला.

"साहेब, कुठल्या पक्षाकडून आलात?"

मी वळून पाहिलं, तर टपरीत बाईंचे हात कीबोर्डवर थांबले होते.